माइनकाठची सिल्व्हानर आणि ताटातलं बाकी सगळं

गुरुवार : व्युर्त्सबुर्ग

फ्रँकफर्ट विमानतळाच्या स्टेशनात गाडी पकडली की साधारण दीड तासात व्युर्त्सबुर्ग येतं. उतरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नये. फलाटावर उभं राहून रुळांच्या पलीकडे बघावं. मालगाड्यांच्या डोक्यावर एक अख्खा डोंगरउतार द्राक्षवेलींनी भरलेला दिसतो. हाच तो श्टाइन. सुमारे 85 हेक्टरचा हा सलग मळा जर्मनीतल्या सगळ्यात नावाजलेल्या मळ्यांपैकी एक. महाकवी ग्योथेला इथली वाइन इतकी लागायची, की 1806 मध्ये त्याने घरी पत्र लिहून आणखी मागवली. दुसरी कुठली चालत नाही आणि ही नसली की चिडचिड होते, अशी तक्रारही वर केली.

आम्ही आलो होतो ते मात्र ग्योथेसाठी नाही, सिल्व्हानर या द्राक्षासाठी. आपल्याकडे जर्मन व्हाइट वाइन म्हणजे गोड, हा समज पक्का आहे. तो काही हवेतून आलेला नाही. 1970-80 च्या दशकांत लीबफ्राउमिल्श, ब्लू नन अशा स्वस्त, गोडसर वाइनच जर्मनीतून जगभर गेल्या. फ्रांकन हा बव्हेरियाच्या उत्तरेचा भाग या भानगडीत फारसा पडला नाही. बाकीचा बव्हेरिया बिअर पितो. माइन नदीच्या काठचे हे लोक वाइन पितात, तीही ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली. चुलतभाऊ आमचा न्युर्नबर्गला बरीच वर्षं आहे. त्याने फोनवर एवढंच बजावलं होतं, "अगं, नुसती पिऊन मत देऊन टाकू नकोस. जेवणाबरोबर घे, मग बोल."

संध्याकाळी जुन्या पुलावर गेलो. दोन्ही बाजूंना संतांचे दगडी पुतळे, वर मारियनबर्गचा किल्ला, आणि पूलभर हातात वाइनचा ग्लास घेतलेली माणसं. पुलाच्या टोकाशी ग्लास मिळतो, त्याची अनामत द्यायची, पुलावर रेंगाळत प्यायची, ग्लास परत केला की पैसे परत. ऑफिसातून घरी निघालेले लोक पिशव्या पायाशी ठेवून कठड्याला टेकलेले. कुठे आरडाओरडा नाही, झिंगलेलं कोणी नाही. आपल्याकडे याची कल्पना करून बघायला गेले आणि परवाने, पोलीस, संस्कृतिरक्षक अशी रांग डोळ्यांपुढून गेली, तेव्हा सोडून दिलं.

पहिला घोट. वास मंद. नाशपाती, थोडं वाळलेलं गवत, जरा ओल्या मातीसारखं काहीतरी. चव स्वच्छ, आंबटपणा बेताचा, गोडवा जवळपास नाहीच. नवरा म्हणाला, "ठीक आहे." मलाही त्याहून जास्त काही म्हणवेना.

मग जेवायला बसलो आणि मेफिश्ली मागवली. नदीतले बोटाएवढे मासे, पिठात घोळवून कडकडीत तळलेले, डोक्याशेपटीसकट हातानेच खायचे. बरोबर बटाट्याचं सॅलड. इथे असं म्हणतात, की मेफिश्ली संत किलियनच्या करंगळीपेक्षा लांब असता कामा नये. हा किलियन सातव्या शतकात आयर्लंडहून धर्मप्रसाराला आला आणि इथेच मारला गेला. पुलावर त्याचा पुतळा आहे, पण करंगळी मोजायला कोणी वर चढत नसावं. मांदेली तळून काट्यासकट चावणाऱ्या घरातली मी, मला यात परकं काहीच वाटलं नाही. गंमत झाली ती वाइनची. माशाचा तेलकटपणा जिभेवरून तिने असा साफ धुऊन नेला, की प्रत्येक मासा पहिला असल्यासारखा लागला. पुलावर 'ठीक आहे' असलेली वाइन इथे अचानक कामाला लागली होती. नवरा जातिवंत शाकाहारी. तो पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचं सूप पीत माझ्या ताटाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. पण त्याचाही ग्लास पुलावरच्यापेक्षा भराभर रिकामा झाला, हे मी पाहिलं.

शुक्रवार : तळघरं आणि श्टाइन

या गावातल्या मोठ्या वाइनरी धर्मादाय संस्थांच्या आहेत, हे मला फार आवडलं. ब्युर्गरश्पिटाल 1316 सालची. म्हाताऱ्या आणि आजारी लोकांची सोय करायला एका धनिक घराण्याने काढलेली. युलियुसश्पिटाल 1576 सालची, युलियुस एख्टर या राजेशाही थाटाच्या बिशपने स्थापलेली. इस्पितळ चालवायचं तर उत्पन्न हवं, म्हणून जमिनी आणि द्राक्षमळे संस्थेच्या नावे करून दिले. ती व्यवस्था आजही चालू आहे. ब्युर्गरश्पिटालकडे सुमारे 120 हेक्टर मळे आहेत, युलियुसश्पिटालकडे 180 च्या आसपास. देवस्थानाला इनाम जमिनी देणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

युलियुसश्पिटालच्या इमारतीखालचं तळघर अडीचशे मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना ओकची जुनी पिंपं, तोंडावर कोरीवकाम. मे महिना असूनही शाल ओढून घ्यावी लागली. ब्युर्गरश्पिटालकडे 1540 सालच्या श्टाइन वाइनची बाटली जपून ठेवलेली आहे. 1540 हे युरोपातलं भयंकर दुष्काळाचं वर्ष. नद्या आटल्या, द्राक्षं वेलीवरच मनुकांसारखी सुकली आणि त्यांची अतिशय गोड वाइन झाली. त्याच वर्षाची दुसरी एक बाटली 1961 मध्ये लंडनला उघडली, तेव्हा काही क्षण का होईना, ती पिण्याजोगी निघाली होती. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या नव्वद वर्षं आधीची द्राक्षं.

चव बघायला बसवलं तेव्हा लेबल वाचायला शिकलो. 'ट्रॉकन' म्हणजे ड्राय. कायद्याने अशा वाइनमध्ये लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर चालते. आंबटपणा पुरेसा असेल, म्हणजे आम्ल साखरेपेक्षा फार तर 2 ग्रॅमने कमी असेल, तर 9 ग्रॅमपर्यंतही चालते. फ्रांकनवाले मात्र जुन्या सवयीने 4 च्या आतच राहतात आणि 'फ्रांकनची ड्राय' म्हणून तसं मिरवतातही. एकाच सिल्व्हानरचे तीन दर्जे समोर आले. गावाच्या नावाची साधी, मग नेमक्या मळ्याच्या नावाची, आणि शेवटी 'जी. जी.' लिहिलेली, म्हणजे उत्तम मळ्यातली उत्तम ड्राय वाइन. शेवटची जड होती, गुळगुळीत, तोंडात बराच वेळ राहणारी. बघणाऱ्याला वाटावं की हीच घ्यावी. पण बरोबर ब्रेडचे तुकडे आणि बकरीचं चीज ठेवलं होतं. चीजवर मला मधली आवडली. भारीपैकी बाटली म्हणजे चांगली जोडी, असं गणित इथे चालत नाही. जी. जी. ला ताटातही तोलामोलाचं काही लागतं. मलईतले मशरूम, नाहीतर मांसाहाऱ्यांसाठी भाजलेलं वासराचं मांस.

नवऱ्याने तिथे एक प्रश्न विचारला, तो मला इतकी वर्षं वाइन पिऊन कधी सुचला नव्हता. वाइन शाकाहारी असते का? असते, पण नेहमीच नाही. वाइन नितळ करताना काही ठिकाणी जिलेटिन, माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ, अंड्याचा पांढरा बलक किंवा दुधातलं केसीन वापरतात. ते गाळासोबत खाली बसतं आणि काढून टाकलं जातं, तरी वापरलं हे खरंच. पुष्कळ वाइनरी आता बेंटोनाइट नावाच्या मातीवर भागवतात आणि मग बाटलीवर 'व्हेगन' लिहितात. पुढे प्रत्येक दुकानात हा माणूस आधी बाटलीची पाठ वाचायचा.

बाटलीचं पोटही बघण्यासारखं. चपटी, गोल, आखूड मानेची. तिचं नाव बॉक्सबॉयटल. 1726 मध्ये इथल्या नगरपरिषदेने ठरवलं, की ब्युर्गरश्पिटालची श्टाइनवरची उत्तम वाइन याच बाटलीत भरायची आणि वर शहराची मोहोर लावायची. कारण भेसळ. श्टाइनच्या नावाखाली कोणीही काहीही विकत होतं. हापूसच्या पेट्यांवर जीआय टॅगचं लेबल लावायची पाळी आपल्यावर का आली, ते आठवा.

दुपारी श्टाइनवर चढलो. वाट सोपी आहे, पण ऊन थेट अंगावर येतं. उतार दक्षिणेकडे तोंड करून, खाली नदी, आणि पायाखाली फिकट करड्या चुनखडीचे तुकडे. मी एक उचलला. त्यात शिंपल्याचा ठसा स्पष्ट उमटलेला, कडांवरच्या बारीक रेघाही मोजता येतील असा. साधारण 24 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. सिल्व्हानरच्या वेलीची मुळं त्या समुद्रतळात उतरली आहेत. या दगडाची चव वाइनमध्ये उतरते, असं सगळे विक्रेते सांगतात. ते मी जरा मिठाच्या चिमटीसोबतच ऐकते, कारण वेल काही दगड खात नाही. पण असा दगड पाण्याचा निचरा करतो, दिवसा तापतो, रात्री ऊब देतो, आणि त्यामुळे द्राक्ष नीट पिकतं, एवढं पटण्यासारखं आहे.

संध्याकाळी रेसिडेन्झ हा राजवाडा उरकला. जिन्यावरचं छत टीपोलो या इटालियन चित्रकाराने रंगवलेलं, 1752-53 मधलं. त्यात आशिया खंड दाखवायला हत्ती काढलाय. मान दुखली. छत बघण्यासारखं आहे, नक्की बघा.

शनिवार : माइनचा वळसा

सकाळी न्युर्नबर्गहून दादा-वहिनी गाडी घेऊन आले. वहिनी वाइनला हात लावत नाहीत, त्यामुळे चालक त्याच. "तुम्ही वास घ्या, घोट घ्या, थुंका, काय हवं ते करा. मी अ‍ॅस्परॅगस घ्यायला आलेय," असं त्यांनी गाडी सुरू करतानाच जाहीर केलं.

फोल्काख गावाजवळ माइन नदी मोठा वळसा घेते. 1950 च्या दशकात जहाजांसाठी इथे सरळ कालवा काढला. तेव्हापासून मालवाहू बोटी वळशात येत नाहीत आणि नदी आपली निवांत पडून असते. कालव्यामुळे मधल्या जमिनीचं बेट झालं. त्यावर नॉर्डहाइम आणि झोमराख ही गावं, आणि गावाभोवती उतारावर द्राक्षं, सपाटीवर वाळूत अ‍ॅस्परॅगस. एकाच नजरेत दोन्ही पिकं दिसतात. वाइन आणि ताट यांचं लग्न कोणी पाकशास्त्रज्ञाने जमवलेलं नाही, ते इथल्या शेतकऱ्याच्या बांधावरच जमलं.

पांढरा अ‍ॅस्परॅगस म्हणजे वेगळी जात नव्हे. वाळूचे लांब वरंबे करून कोंब त्यात झाकून वाढवतात. ऊन लागत नाही, म्हणून हिरवा होत नाही. कोंबाचं टोक वरंब्याला तडा पाडतं, तेव्हा माणूस वाकून बोटांनी माती बाजूला करतो, लांब पात्याची सुरी खाली घालतो, कोंब कापतो आणि थापीने माती परत सारखी करतो. वरंब्यांवर काळं-पांढरं प्लॅस्टिक पसरलेलं असतं. काळी बाजू वर ठेवली की माती तापून कोंब लवकर येतात, पांढरी ठेवली की दमाने. मोसम एप्रिलच्या मध्यापासून 24 जूनपर्यंत, म्हणजे संत जॉनच्या दिवसापर्यंत. त्यानंतर कापणी बंद, झाडाला पुढच्या वर्षासाठी जीव धरू द्यायचा. आपल्या औषधी शतावरीचाच हा सख्खा भाऊबंद, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातला.

रस्त्याकडेच्या टपरीवर वहिनींनी दोन कोंब हातात घेऊन एकमेकांवर घासले. चर्र असा आवाज आला. "आवाज आला की ताजे," त्या म्हणाल्या. मग कापलेली बाजू नखाने दाबून ओल आहे का पाहिलं. कोथिंबिरीची जुडी निवडताना आई जशी सगळ्या टोपलीला कामाला लावते, तशी त्यांनी त्या बाईची अर्धी टोपली उलटी केली. बाई हसत होती.

नॉर्डहाइमहून एशर्नडॉर्फला जायला होडीवजा फेरी आहे, गाड्याही चढतात. पलीकडे लुम्प नावाचा मळा नदीच्या वळणाला धरून अर्धवर्तुळात उभा. चढ इतका तीव्र, की वरून बघताना पोटात गोळा येतो. इथे बरीच कामं हातानेच करावी लागतात आणि बाटलीच्या किमतीत ती दिसतात.

दुपारी जेवायला पांढरा अ‍ॅस्परॅगस, उकडलेले नवे बटाटे, वितळलेलं लोणी, वेगळ्या वाटीत हॉलंडेझ सॉस. बाकीच्यांना शेजारी हॅम, नवऱ्याला नुसतंच. त्याला पहिल्यांदा या प्रवासात 'काहीतरी कमी केलेलं' ताट मिळालं नाही. इथे मुख्य पदार्थ भाजीच असते, मांस तोंडी लावायला.

आता वाइनचं. अ‍ॅस्परॅगसमध्ये गंधकाची संयुगं असतात. त्यांच्यामुळे पुष्कळ वाइन जिभेवर धातूसारख्या लागतात. रेड वाइनचा तुरटपणा त्याने आणखी बिघडतो, ओकच्या पिंपात ठेवलेली व्हाइट कडसर होते. रीसलिंग या दुसऱ्या जर्मन द्राक्षाची फार आंबट वाइन असेल तर ती भाजीवर सरळ चाल करून जाते. सिल्व्हानरकडे ना तुरटपणा, ना भपकेबाज वास, ना टोकाचा आंबटपणा. तिच्यातला तो गवताचा, मातीचा वास अ‍ॅस्परॅगसच्या वासाशी जुळतो आणि उरलेलं काम लोणी करतं. पुलावर मला जी उणीव वाटली होती, तीच इथे तिची लायकी ठरली. स्वतःकडे लक्ष वेधून न घेणारी वाइन करणं सोपं नसणार. दादा समोरून बघत होता, पण "सांगितलं होतं ना" म्हणाला नाही, हे त्याचं मोठेपण.

फोल्काखच्या बाहेर मळ्यांमधल्या टेकडीवर एक चर्च आहे. त्यात टिलमान रीमेनश्नायडरने लाकडात कोरलेली मेरीची मूर्ती टांगलेली आहे, भोवती गुलाबांची माळ. 1962 मध्ये ती चोरीला गेली. 'श्टेर्न' या साप्ताहिकाने 1,00,000 मार्क खंडणी देऊन ती परत मिळवली. चोरांना पैसे द्यावेत का, यावर तेव्हा देशभर वाद झाला म्हणे. मूर्ती परत जागेवर आहे, आणि चर्चच्या भिंतीपर्यंत सिल्व्हानर आलेली आहे.

रात्री एका द्राक्षबागायतदाराच्या घरी जेवलो. त्याला हेकनविर्टशाफ्ट म्हणतात. बागायतदाराला वर्षातून चार महिन्यांपर्यंत घरच्या घरी आपलीच वाइन विकता येते, हॉटेलचा परवाना लागत नाही. अटी मात्र कडक : 40 च्या वर खुर्च्या नाहीत आणि खाणं साधंच. म्हणून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये लाकडी बाकं, अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. वाइन शॉपनने, म्हणजे पाव लिटरच्या मापाने. टेबलावर लाकडी पाट, त्यावर राय या धान्याचा आंबवलेला ब्रेड, घरचं सॉसेज, मुळ्याच्या चकत्या. नवऱ्यासाठी गेरुप्फ्टर आलं : पिकलेलं कामांबेर चीज, लोणी, बारीक कांदा, पाप्रिका, सगळं काट्याने कुस्करून. दिसायला रखरखीत केशरी. त्या चीजला एक जनावराच्या गोठ्याकडे झुकणारा वास असतो, तो सिल्व्हानरने कमी केला नाही, पण सुसह्य केला. शेजारच्या आजोबांनी मुळ्याला मीठ लावून, त्याला पाणी सुटेपर्यंत थांबून, मग खायला सांगितलं. खरोखरच तिखटपणा उतरला होता. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा या पाटावर चालला असता, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "सोमवारी घरी बघू."

रविवार : इप्होफेन, कास्टेल

पाऊस. दुकानं बंद, कारण जर्मनीत रविवार. इप्होफेनच्या तटबंदीच्या आतून छत्र्या धरून एक फेरी मारली. इथली माती वेगळी, जिप्समवाली. त्या जिप्समवर क्नाउफ ही प्लास्टर आणि बोर्ड बनवणारी जगभर पसरलेली कंपनी याच गावात उभी आहे. घराच्या फॉल्स सीलिंगवर हे नाव वाचलेलं, आता त्याच मातीतली सिल्व्हानर प्यायलो. श्टाइनवरच्यापेक्षा ती भरदार लागते, औषधी पाल्याचा वास जास्त.

जेवणात ब्लाउए त्सिप्फेल होतं. कांदा, व्हिनेगर, तेजपत्ता, लवंग आणि वाइन घातलेल्या पाण्यात सॉसेज मंद शिजवायचे, रस्सा ब्रेडने टिपून खायचा. रस्सा आंबट, आणि वाइन त्याच्यापुढे थोडी फिकी पडली. ही गोष्ट सोमवारी उपयोगी पडली.

कास्टेल हे लहानसं गाव. जर्मनीत सिल्व्हानर लावल्याची सगळ्यात जुनी नोंद इथल्या सरदार घराण्याच्या दप्तरात आहे : एप्रिल 1659, 'ऑस्ट्रियन' नावाने आणवलेल्या 25 वेली. तीस वर्षांच्या युद्धाने मळे उजाड झाले होते, हवामान थंड होतं, भरवशाने पिकेल असं काहीतरी हवं होतं. डीएनए तपासणीत हे द्राक्ष ट्रामिनर आणि 'ऑस्टरराइशिश वाइस' या जुन्या ऑस्ट्रियन जातीचा संकर निघालं. त्या 25 वेलींचा बिलाचा कागद अजून शिल्लक आहे, यातच या लोकांचा स्वभाव आला.

सोमवार : न्युर्नबर्ग, दादाचं घर

वहिनींनी शनिवारी निघण्याआधीच वाल भिजवून फडक्यात बांधून ठेवले होते. इथल्या थंडीत मोड यायला वेळ लागतो. आम्ही पोचलो तेव्हा बोटाच्या पेराएवढे मोड होते. सकाळी दोघी सोलायला बसलो. कोमट पाण्यात टाकलेला वाल अंगठ्याने दाबला की साल सुटते आणि डाळिंबी उडून ओट्याखाली जाते. शेजारी अ‍ॅस्परॅगसही सोलायचा होता. त्याला टोकाच्या जरा खालून देठाकडे, एकाच ओढीत, फिरवत फिरवत. साली टाकायच्या नाहीत, त्यांचं सूप.

दादाने टेबलावर चार बाटल्या मांडल्या आणि मी ठरवलं, की आपल्याच जेवणावर ही वाइन तपासायची. सुरळीच्या वड्या, डाळिंब्यांची उसळ, काकडीची कोशिंबीर, चिंचगुळाची आमटी, सोलकढी, हिरव्या मिरचीचा ठेचा, तांदळाची भाकरी. मांसाहाऱ्यांसाठी रव्यात घोळवून तळलेले झांडर माशाचे तुकडे.

"उसळीत गूळ?" वहिनींनी विचारलं.

"आज नको. ओलं खोबरं, जिरं, बास."

गुळाने घोटाळा होतो. ताटात गोड आलं की ड्राय वाइन आंबट आणि पोकळ लागते. आमटीने नेमकं तेच केलं. आमटीचा भुरका आणि मागून सिल्व्हानर, म्हणजे लिंबाचं पाणी. सोलकढीने उलट्या बाजूने मारलं. जेवणातला आंबटपणा वाइनपेक्षा वरचढ झाला की वाइन मुळमुळीत होते, कालच्या व्हिनेगरच्या रश्श्यासारखं. तिथे आंबट रीसलिंगने टक्कर दिली असती. ठेच्याचं तर विचारूच नका. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरची उष्णता ओळखणारी यंत्रणा चाळवतं, आणि अल्कोहोल त्याच यंत्रणेला आणखी हळवं करतं. दादाने ठेच्यावर घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आपल्या झणझणीत जेवणाबरोबर थोडी गोडसर वाइन सुचवतात, ती उगाच नाही.

पण सुरळीची वडी! डाळीचं पीठ, ताक, वर खोबरं-कोथिंबीर आणि मोहरीची फोडणी. ताकाचा बेताचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा एका पट्टीत बसले. नवऱ्याने न बोलता ताटली स्वतःकडे ओढली. डाळिंब्यांचं त्याहून चांगलं जमलं. वालाला जो किंचित कडसर, मातकट सूर असतो, तो वाइन झाकत नाही, त्याला उजेडात आणते. इप्होफेनची भरदार बाटली इथे श्टाइनवाल्या बाटलीपेक्षा सरस ठरली. कोशिंबिरीतल्या दाण्याच्या कुटानेही काही बिघडवलं नाही. झांडरवर मात्र श्टाइनच हवी, यावर दादाचं आणि माझं एकमत झालं. तसं ते फार क्वचित होतं.

वहिनींनी वाइनचा थेंब न घेता निकाल दिला, "म्हणजे कोब्रा जेवण चालतं, कोल्हापुरी नाही." यावर नवरा, जो माहेरचा कोल्हापूरचा, म्हणाला की मग ही वाइन अजून शिकाऊ आहे. "जावईबापू, तुमच्यासाठी रीसलिंग आणतो पुढच्या वेळी," दादा म्हणाला, "गोडसर. पांढऱ्या रश्श्याला नाही चालली तर बघा." शाकाहारी कोल्हापूरकराला पांढऱ्या रश्श्याचं आमिष दाखवायची त्याची ही काही पहिली वेळ नाही.

भारतात उतरताना माणशी 2 लिटर दारू करमुक्त आणता येते, म्हणजे दोघांत पाऊण लिटरच्या चार बाटल्या सहज आणि वर थोडी जागा शिल्लक. बॉक्सबॉयटल चपटी असल्यामुळे कपड्यांच्या घडीत छान बसते आणि घरंगळत नाही. एक श्टाइन, दोन इप्होफेन, एक एशर्नडॉर्फ. श्टाइन ताज्या मांदेलीसाठी. इप्होफेनच्या दोन्ही नवऱ्याने वालावर राखून ठेवल्यात. एशर्नडॉर्फच्या बाटलीवरून भांडण चालू आहे : मला ती अळूच्या देठीबरोबर उघडून बघायची आहे, त्याचं म्हणणं देठीत दही असतं तेवढं पुरे, वर प्रयोग नको.